नॅनोकंपोझिट घासलं, कापलं, जाळलं की हवेत नेमकं काय सुटतं?

घासकागद
प्लॅस्टिकमध्ये नॅनो आकाराचं भरण मिसळलेल्या वस्तूंबद्दल दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, "नॅनो म्हणजे ॲस्बेस्टॉसचा धाकटा भाऊ." दुसरा म्हणतो, "कण राळेत पक्के बसलेत, बाहेर येतीलच कसे?" ज्याच्या हातात सँडर (घासायचं यंत्र) आहे त्याला या दोन्हींचा उपयोग शून्य.

म्हणून प्रश्न मुद्दाम एका वस्तूपुरता ठेवतो. इपॉक्सीची (हार्डनर मिसळला की कडक होणारी राळ) ४ मिमी जाड पट्टी, त्यात वजनाने ३ टक्के बहुभित्ती कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या एकात एक बसलेल्या अतिसूक्ष्म नळ्या (पुढे नुसतं 'नळ्या' म्हणू). आधी ती कापायची, भोकं पाडायची, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची. मग ती काही वर्षं उन्हापावसात राहणार. शेवटी भंगार, म्हणजे चुरा करणारं यंत्र नाहीतर भट्टी. कुठल्या टप्प्याला सुट्या नळ्या निघतात, कुठे नुसता राळेचा भुगा निघतो, मोजायचं कशाने, आवरायचं कसं? सिलिका, क्ले, टायटॅनियम डायऑक्साइड, चांदी यांच्याबद्दलही लिहा. फक्त "मास्क लावा" एवढं लिहून पळू नका.

तिरकस
मास्क लावा.

(पळालो.)

कणाद
तिरकसला दारातून परत आणा कुणीतरी.

घासणं-कापणं एवढ्यापुरतं लिहितो. त्या पट्टीची धूळ म्हणजे बहुतांशी राळेचाच भुगा असतो. वजनाचा बराचसा भाग मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून मोठ्या कणांत, आणि नळ्या त्या कणांच्या पोटात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असा कण दाढी न केलेल्या हनुवटीसारखा दिसतो: पृष्ठभागावर नळ्यांची खुंटं उभी, बाकीची नळी आत रुतलेली. कारण साधं आहे. भेग राळेतून जाताना वाटेत आडवी आलेली नळी एका बाजूने उपटली जाते, पण तिचं दुसरं टोक कणात धरलेलं राहतं. नळी पूर्ण सुटायची तर दोन्ही टोकं एकदम सुटायला हवीत, आणि इपॉक्सीची पकड चांगली असेल तर ते क्वचित घडतं.

अपवाद गुठळ्यांचा. वजनाने ३ टक्के म्हणजे घनफळाने पावणेदोन-दोन टक्के. एवढ्या नळ्या नीट पसरल्या नाहीत तर २०-५० मायक्रॉनच्या गुठळ्या राहतात आणि त्यांच्या मध्यापर्यंत राळ पोचलेलीच नसते. पॉलिश पेपर तिथे पोचला की गुठळी फुटते आणि कोरडी पूड थेट बाहेर. म्हणजे मिश्रण किती नीट घोटलंय ही नुसती ताकदीची बाब नाही, धोक्याचीही आहे. मायक्रोटोमने १० मायक्रॉनचा पातळ काप काढून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली खालून उजेड देऊन पाहा. काळे ठिपके मोजता येत असतील तर घासण्याआधी विचार करा.

शंकासूर
थोडक्यात काय, नीट घोटलेल्या पट्टीतून सुटी नळी निघतच नाही. मिटलं भांडण.

कणाद
@शंकासूर, मी "क्वचित" लिहिलंय. "नाहीच" लिहिलेलं नाही. इपॉक्सी झिजवण्याच्या काही चाचण्यांत सुट्या नळ्या सापडल्या आहेत, काहींत एकही नाही. आणि शोधणं किती कठीण ते पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली नमुना ठेवायची जाळी ३ मिमी व्यासाची, त्यातला प्रत्यक्ष पाहिलेला भाग त्याहून कितीतरी लहान, आणि शोधायची वस्तू १०-५० नॅनोमीटर (मायक्रॉनचा हजारावा भाग) जाड. "सापडली नाही" आणि "नव्हती" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

श्वासनलिका
फुफ्फुसाच्या बाजूने बघितलं तर तंतूबद्दल तीन गोष्टी विचारायच्या: लांबी किती, जाडी किती, आणि तो शरीरात विरघळतो का. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत धोक्याचा तंतू म्हणजे ५ मायक्रॉनपेक्षा लांब, ३ मायक्रॉनपेक्षा बारीक, आणि लांबी जाडीच्या तिपटीहून जास्त. वायुकोशातली भक्षक पेशी साधारण १०-२० मायक्रॉनची. तिच्यापेक्षा लांब आणि ताठ तंतू तिला गिळता येत नाही. अर्धवट गिळलेल्या अवस्थेत ती दाहकारक द्रव्यं ओकत राहते. ॲस्बेस्टॉसची गोष्ट हीच.

सगळ्या नळ्या मात्र अशा नसतात. १० नॅनोमीटर जाडीच्या नळ्या लोकरीसारख्या गुंततात आणि पेशी तो गुंता गिळते. ५० नॅनोमीटर आणि त्यावरच्या ताठ, लांब नळ्या निराळ्या. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ हा एकच ताठ प्रकार 'गट २बी', म्हणजे 'कदाचित कर्ककारक' मध्ये घातला. बाकीच्या नळ्या गट ३ मध्ये गेल्या. गट ३ म्हणजे पुरावा अपुरा. त्याचा अर्थ निर्दोष सुटका नव्हे.

आता कणाद म्हणतात तो खुंटवाला भुगा. प्राण्यांवरच्या चाचण्यांत घासून निघालेल्या अशा धुळीचा परिणाम साधारणपणे भरण नसलेल्या त्याच प्लॅस्टिकच्या धुळीसारखाच दिसतो, आणि नुसत्या नळ्यांच्या पुडीपेक्षा बराच सौम्य. पण म्हणून ती धूळ चांगली असं होत नाही. इपॉक्सीची धूळ फुफ्फुसात विरघळत नाही, आणि राळ अर्धवटच घट्ट झालेली असेल तर त्यात उरलेला हार्डनर त्वचेला आणि श्वासमार्गाला ॲलर्जी लावतो. कापण्याआधी पट्टीचं पोस्ट-क्युअर (तापवून राळ पूर्ण घट्ट करणं) पूर्ण झालंय का, हा प्रश्न 'नॅनो'च्या गडबडीत कुणी विचारतच नाही.

गाळणी
मर्यादेच्या आकड्याबद्दल. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये नळ्यांसाठी ८ तासांच्या सरासरीची शिफारस दिली: १ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, मूलद्रव्य कार्बन (संयुगात नसलेला, सुटा कार्बन) म्हणून मोजलेलं. ऐकायला फार कडक वाटतं. आता वजनाऐवजी संख्या काढू.

एक नळी: ५० नॅनोमीटर जाड, ५ मायक्रॉन लांब, घनता अंदाजे २. तिचं वजन येतं सुमारे २ × १०⁻¹⁴ ग्रॅम. म्हणजे १ मायक्रोग्रॅममध्ये सुमारे ५ कोटी नळ्या. एका घनमीटरला ५ कोटी म्हणजे एका घनसेंटिमीटरला ५०. ॲस्बेस्टॉसची अमेरिकेतली कायदेशीर मर्यादा घनसेंटिमीटरला ०.१ तंतू आहे. पाचशेपट फरक!

शंकासूर
म्हणजे ती मर्यादा कुचकामीच की.

गाळणी
कुचकामी नाही, कशासाठी बांधली ते बघा. ती कर्करोगाच्या तंतूमोजणीवरून आलेली नाही. उंदीर-घुशींच्या फुफ्फुसातला दाह आणि तंतुमयता यांवरून धोका काढला, आणि मग प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येईल अशा सर्वांत खालच्या पातळीवर आकडा ठेवला. त्या पातळीलाही काही धोका उरतो हे त्याच दस्तऐवजात मान्य केलंय. शिवाय माझ्या हिशोबात प्रत्येक नळी सुटी आणि सरळ धरली आहे. खऱ्या हवेत त्या गुंत्यात किंवा राळेत असतात. ताठ, लांब नळ्या वापरत असाल तर मात्र वजनावर विसंबू नका, तंतू मोजा.

मापाडी
गाळणीच्या हिशोबाला +१. मोजण्याचं थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

पहिली फसवणूक मोटारीची. हातातल्या सँडरची मोटर कार्बन ब्रशची असेल तर ब्रशच्या ठिणग्यांतून तांबं आणि कार्बनचे १०० नॅनोमीटरखालचे कण ढिगाने निघतात. कणमोजणी यंत्राचा आकडा झपकन चढतो आणि अहवालात लिहिलं जातं, "नॅनोकण सुटले." चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणून आधी सँडर पट्टीला न टेकवता पाच मिनिटं चालवायचा. मग भरण नसलेली, त्याच साच्यातली, तितकीच घट्ट झालेली साधी इपॉक्सीची पट्टी घासायची. मग नळ्यांची. तिन्ही वेळा दाब, पेपर आणि वेळ तीच. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक हा नळ्यांचा, बाकी सगळा गोंगाट.

दुसरी फसवणूक उष्णतेची. पेपर भुग्याने बुजला की तो घासत नाही, नुसता तापवतो. राळेची वाफ होते आणि थंड हवेत तिचे १०-५० नॅनोमीटरचे थेंब जमतात. यंत्राला थेंब आणि घन कण यांत फरक कळत नाही. हवा २५०-३०० अंशांच्या तापवलेल्या नळीतून नेऊन मग मोजली की थेंब उडून जातात, घन कण राहतात. आकडा निम्म्याहून खाली आला तर तुम्ही पट्टी घासत नव्हता, भाजत होता. पेपर लवकर बदला, दाब कमी करा.

तिसरी, बाहेरची हवा. रस्त्याच्या वाहतुकीने घनसेंटिमीटरला हजारो, कधी दहा-वीस हजार कण आधीच असतात, आणि दार उघडलं की आकडा बदलतो. सुरुवातीला एकदाच पार्श्वभूमी मोजून भागत नाही. दुसरं यंत्र कामापासून लांब, सतत चालू हवं.

यंत्रं दोन लागतात. संघनन कणमापक साधारण १० नॅनोमीटर ते १ मायक्रॉन मोजतो, प्रकाशीय कणमापक ०.३ मायक्रॉनच्या पुढे. घासण्याच्या धुळीचं वजन दुसऱ्याच्या टापूत असतं, संख्या पहिल्याच्या. एकच यंत्र घेऊन निष्कर्ष काढलेले अहवाल वाचताना थोडा संशय जवळ ठेवा. आणि कण कशाचा आहे हे दोन्ही यंत्रं सांगत नाहीत. त्यासाठी फिल्टर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

खटका
मापाडी, मूलद्रव्य कार्बनची पद्धत इपॉक्सीच्या धुळीला चालते का? राळ तापवताना स्वतःच कोळसा होते ना?

मापाडी
नेमका मुद्दा. या पद्धतीत फिल्टर आधी हेलियममध्ये आणि मग ऑक्सिजन सोडून तापवतात. हेलियममध्ये तापवताना राळेचा काही भाग कोळसा होतो आणि पुढच्या टप्प्यात 'मूलद्रव्य कार्बन' म्हणून जळतो. प्रकाशीय दुरुस्ती असते, पण मोठ्या कणांची जाड धूळ असली की ती गडबडते. साध्या इपॉक्सीची धूळ त्याच कार्यक्रमातून चालवून ती किती खोटा कार्बन दाखवते ते आधी काढा. पट्टीत कार्बन फायबरही असेल तर पद्धत विसराच, तोही मूलद्रव्य कार्बनच. मग नळ्या बनवताना वापरलेल्या आणि त्यांच्यात उरलेल्या उत्प्रेरक धातूचा (लोह, कोबाल्ट, निकेल) माग काढतात. पण त्या लॉटमध्ये तो धातू किती ते आधी मोजलेलं हवं, आणि नळ्या शुद्ध केलेल्या असतील तर मागच उरत नाही.

अजून एक. १५ मिनिटांचं काम, पंप मिनिटाला ४ लिटर, म्हणजे ६० लिटर हवा. मर्यादेइतकं प्रमाण असलं तरी फिल्टरवर ०.०६ मायक्रोग्रॅम. पद्धतीच्या आवाक्याच्या खूप खाली. अहवालात "आढळले नाही" येणारच. तेच आठ तासांत १.९ मायक्रोग्रॅम जमतात आणि काहीतरी बोलता येतं. "आढळले नाही" दिसलं की आधी हवेचं घनफळ शोधा.

तिरकस
परत आलो. एवढं सगळं मोजेपर्यंत पट्टी घासून संपेल.

खटका
संपेलच. म्हणून मोजण्याआधी खेचा.

धूळ खेचणाऱ्या नळीबद्दल एकच गोष्ट कळली तरी पुष्कळ: अंतर वाढलं की ओढ कोसळते. १०० मिमी व्यासाची उघडी नळी, तोंडाशी वेग सेकंदाला १५ मीटर (तासाला सुमारे ४२५ घनमीटर हवा). तोंडापासून १० सेंमीवर वेग उरतो १.१ मीटर. २० सेंमीवर ०.३. सँडरची फिरती चकती धूळ त्याहून कितीतरी जोरात भिरकावते. टेबलाच्या कोपऱ्यात टांगलेली नळी हे देवघरातलं निरांजन आहे, समाधानापुरतं. ओढ चकतीच्या भोकांतूनच हवी, किंवा नळीचं तोंड धुळीच्या झोताच्या वाटेत, एका व्यासाच्या आत.

व्हॅक्यूमला एच१३ किंवा एच१४ (हेपा दर्जाचा, अतिबारीक कण पकडणारा) फिल्टर, पिशवी बंद होणारी, नळी अँटिस्टॅटिक. घरगुती व्हॅक्यूममध्ये धूळ मोटरवरून जाते, आणि नळ्यांची धूळ वीजवाहक आहे, हे दोन्ही एकत्र आठवा. दाबाच्या हवेने कपडे किंवा टेबल फुंकायचं नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, आणि फडकं वाळायच्या आत पिशवीत.

शंकासूर
एवढा खटाटोप कशाला? पाणी सोडा, ओलं कापा. धूळच नाही.

खटका
ओलं कापल्याने धूळ खूपच कमी होते हे खरं. पण पात्याला झाकण नसेल तर वेगाने फिरणारं पातं पाण्याचं तुषार करतं, तुषारात कण, आणि थेंब हवेतच वाळला की कण मोकळा. तेच पाणी फिरवून वापरलं तर दर तासाला गढूळ होत जातं, आणि तुषारही तितकंच गढूळ. सगळ्यात वाईट म्हणजे संध्याकाळी ट्रेमधला गाळ तसाच ठेवून जाणं. सकाळी तो वाळून पापुद्रा झालेला असतो. कालची सगळी धूळ एका झाडूची वाट बघत.

शंकासूर
बरं. मग हेपा तरी ०.३ मायक्रॉनचा. नॅनोकण त्यातून आरपार जाणार ना?

गाळणी
हा गैरसमज दर धाग्यात एकदा यायलाच हवा. फिल्टर चाळणीसारखा काम करत नाही. ०.३ मायक्रॉन हा सर्वांत कठीण आकार आहे. मोठे कण धाग्यांवर आपटतात, लहान कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भरकटत धाग्याला चिकटतात, मधलेच काय ते निसटतात. त्या कठीण आकारालाही एच१४ ९९.९९५ टक्के पकडतो. २० नॅनोमीटरचा कण त्याला सोपा. विद्युतभारित धाग्यांच्या मास्कमध्ये कठीण आकार खाली सरकून ५० नॅनोमीटरच्या आसपास येतो, तरी चांगला मास्क तिथेही टिकतो. गळती होते ती नाकाच्या कडेने आणि दाढीतून. तिरकसची दाढी आहे का?

तिरकस
कणादच्या कणासारखी. खुंटं.

राळदाणी
धाग्यातली सुरुवातच मला पटलेली नाही. घासकागद पट्टी कापण्यापासून सुरू करतात. सुट्या नळ्यांचा खरा धोका पट्टी जन्मायच्या आधी आहे. नळ्यांच्या कोरड्या पुडीची घनता पाण्याच्या पाव भागाहूनही कमी. पोतं उघडणं, चमच्याने वजन करणं, मिक्सरमध्ये ओतणं, रिकामं पोतं दाबून घडी घालणं, या चार कामांत जे उडतं त्याला राळ चिकटलेली नसते. घडी घालणं सर्वांत वाईट, आत उरलेली पूड भात्यासारखी बाहेर येते.

उपाय पुष्कळ वेळा साधा असतो: कोरडी पूड आणूच नका. द्रव राळेत आधीच घोटलेला घट्ट मास्टरबॅच किंवा दाणे आणा. पूडच लागणार असेल तर बंद पेटीत वजन करा, राळ आधी आणि पूड तिच्यावर, मिक्सर सावकाश सुरू. पंखा बंद.

घासकागद
@राळदाणी मान्य, पट्टीचं आयुष्य मी एक पाऊल उशिरा सुरू केलं. पण पूड हाताळणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण पूड हाताळतोय. दहा वर्षांनी पट्टीला भोक पाडणाऱ्याला ते माहीत नसतं. उन्हाचं कुणी लिहील का?

ऊनसावली
लिहिते. इथे चित्र उलटं होतं.

घासताना राळ आणि नळी एकत्र तुटतात. ऊन फक्त राळ खातं. २९५ ते ४०० नॅनोमीटरची अतिनील किरणं इपॉक्सीच्या वरच्या काही मायक्रॉनमध्येच शोषली जातात. तिथली साखळी तुटते, तुकडे पाण्याबरोबर वाहून जातात, आणि नळ्या जागेवर राहतात. हळूहळू पृष्ठभागावर नळ्यांची उघडी, गुंतलेली चटई तयार होते. गंमत अशी की ती चटईच खालच्या राळेला सावली देते आणि झीज मंदावते. नुसत्या उन्हाने नळ्या फारशा गळत नाहीत. ऊन, मग पाणी, मग घासणं, हे तिन्ही एकामागून एक आलं की गळतात. म्हणून चाचणीत नुसता दिवा लावून ठेवणं पुरत नाही. पाण्याचा फवारा हवा आणि शेवटी पृष्ठभागाला हात लावणारं काहीतरी हवं.

सिलिकाचं वेगळं. गोल कण एकमेकांत गुंतत नाहीत. राळ गेली की ते पृष्ठभागावर दाण्यांसारखे साचतात आणि पावसाने निघून जातात. त्याच उन्हात नळ्या चटई धरतात आणि सिलिका गळते, फरक नुसता आकाराचा.

टायटॅनियम डायऑक्साइड तर स्वतःच घर जाळतं. ॲनाटेज रूप प्रकाश-उत्प्रेरक, आजूबाजूची राळ तेच कुरतडतं. म्हणून बाहेरच्या कामाला रुटाइल हे दुसरं स्फटिकरूप घेतात, तेही ॲल्युमिना किंवा सिलिकाचा थर दिलेलं. जुन्या रंगाच्या भिंतीवरून हात फिरवला की पांढरी पावडर लागते ना, ते हेच, आणि नॅनो शब्द जन्मायच्या आधीपासूनचं.

क्लेदार
क्लेची बाजू राहिली. नायलॉन-६ आणि क्लेचं मिश्रण टोयोटाच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात झालं, या सगळ्या घराण्यातलं थोरलं भावंड. मॉन्टमोरिलोनाइटचं पान १ नॅनोमीटर जाड, रुंदी शेकडो नॅनोमीटर. ताठ तंतूचा प्रश्न नाही. प्रश्न दोन, आणि दोन्ही 'नॅनो' नाहीत. एक, क्लेला प्लॅस्टिकशी जमवून घेण्यासाठी लावलेलं चतुर्थक अमोनियम मीठ. ते १८०-२०० अंशांपासून तुटायला लागतं, आणि नायलॉन-६ एक्स्ट्रूडरमध्ये (प्लॅस्टिक वितळवून तोंडातून ढकलणारं यंत्र) २३०-२६० ला चालतं. एक्स्ट्रूडरच्या तोंडाशी माशासारखा वास आला तर ते त्या मिठातून सुटलेलं अमाइन. पेशींवरच्या चाचण्यांत क्लेच्या नावावर लागलेला दोषही पुष्कळदा याच मिठाचा निघतो. दोन, नैसर्गिक क्लेत क्वार्ट्झ असू शकतं, आणि स्फटिकी सिलिका आयएआरसीच्या गट १ मध्ये आहे, सिद्ध कर्ककारक. लॉटचा एक्स-रे विवर्तन अहवाल मागा.

नदीकाठ
अवांतर: सगळ्यात जास्त वापरलं जाणारं नॅनोकंपोझिट टायर आहे. ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणारा थर) वजनाने तिसऱ्या हिश्शाच्या आसपास काजळी, तिचे मूळ कण काही दशक नॅनोमीटरचे. रस्त्यावर झिजून निघतात ते मात्र बहुतांशी दहा मायक्रॉनहून मोठे, रस्त्याच्या खनिज धुळीत मळलेले रबराचे वळे. आणि नदीतल्या माशांना मारलं कुणी? काजळीने नाही. टायरमधल्या ६पीपीडी या ओझोनरोधकापासून बनलेल्या ६पीपीडी-क्विनोनने कोहो सामन मरतात हे २०२० च्या अखेरीस पुढे आलं. क्लेदार म्हणतात तेच: भरणाकडे बोट दाखवता दाखवता शेजारचं रसायन सुटतं.

चांदीचा_मुलामा
चांदीबद्दल. प्लॅस्टिकच्या डब्यातून 'नॅनोचांदी उतरते' असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा उतरतात ते आयन. घन प्लॅस्टिकमधून काही नॅनोमीटरपेक्षा मोठा कण सरकत बाहेर येणं जवळजवळ अशक्य. पृष्ठभागावरचा आणि कापलेल्या कडेचा कण मात्र विरघळतो किंवा गळतो. ३ टक्के ॲसेटिक आम्लाच्या चाचणीत म्हणूनच सर्वांत जास्त चांदी दिसते. मग तो द्रव जाळीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कण दिसतात, आणि लोक ओरडतात. ते कण वाळवताना आयनांपासून तिथेच बनलेले असू शकतात. द्रव न वाळवता एकल-कण आयसीपी-एमएसने (द्रवातला एकेक कण मोजणारं यंत्र) पाहायचं.

सांडपाण्यात पोचलेली चांदी गंधकाशी जुळून बहुतांशी सिल्व्हर सल्फाइड होते, फारशी न विरघळणारी, आणि गाळात बसते. मग प्रश्न गाळ कुठे टाकता याचा.

धुराडं
आता भट्टी. हवा पुरेशी असेल तर नळ्या साधारण ५०० ते ७०० अंशांत जळून जातात, मागे उत्प्रेरक धातूचे ऑक्साइड. युरोपात कचरा-भट्टीला ८५० अंशांवर किमान २ सेकंदांची अट आहे, त्यात नीट हवा मिळालेली नळी उरू नये. सिलिका, टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइड), सेरिया (सेरियम ऑक्साइड) जळतच नाहीत. ते तळाच्या राखेत आणि उडत्या राखेत जातात. धुराड्यातून थोडेच, पिशवी-फिल्टर चांगला असेल तर. पण मग राख उपसणाऱ्याकडे बघा.

खरी गडबड उघड्यावर जाळण्यात. प्लॅस्टिकमध्ये नळ्या घालतात त्यातलं एक कारण ज्वालारोधन: राळ जळून जाते, नळ्यांचं जाळं जागेवर उभं राहतं आणि खालच्या थराला आगीपासून झाकतं. म्हणजे ज्या गुणासाठी घातल्या, त्याच गुणामुळे विझलेल्या आगीच्या राखेत सुट्या नळ्यांचं ठिसूळ जाळं उरतं, आणि आता त्याला धरायला राळ नाही. राख कोरडी ढवळायची नाही. बारीक फवाऱ्याने भिजवायची आणि ओलीच भरायची. आग चालू असताना मात्र नळ्यांची चिंता करत बसू नये. कार्बन मोनॉक्साइड आणि अमाइन-हार्डनरवाल्या इपॉक्सीचा हायड्रोजन सायनाइड आधी गाठतात.

चुरा यंत्राबद्दल एक ओळ: बहुतेकांना नुसता सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं पिंप) जोडलेला असतो, आणि सायक्लोन काही मायक्रॉनच्या खालचं सोडून देतो, म्हणजे फुफ्फुसात जाणारं तेवढंच बाहेर. त्याच्या मागे फिल्टर हवा.

घासकागद
खूपच मिळालं, सर्वांचे आभार. आता मूळ पट्टीवर परत. समजा ती आठ वर्षं उन्हात होती, ऊनसावली म्हणतात ती चटई वर आली आहे, आणि दुरुस्तीसाठी तिला ६ मिमीची दोन भोकं पाडून कड घासायची आहे. नव्या पट्टीसारखंच करायचं का?

ऊनसावली
नाही. आधी वरची चटई बांधून टाका. पृष्ठभाग कोरडा घासायचा नाही, फुंकायचा नाही, ब्रश नाही. साबणाच्या पाण्याने भिजवलेलं फडकं एकाच दिशेने एकदाच, मग घडी पालटून पुन्हा. काळं येणं थांबलं की भोकाच्या जागेवर पातळ इपॉक्सीचा हात द्या आणि पक्का होऊ द्या. सुट्या नळ्या परत राळेत गेल्या.

खटका
आणि मग नवी पट्टी समजून कामाला लागा. ड्रिल धारदार, कार्बाइडचं, गती कमी, मागे लाकडाची फळी, म्हणजे बाहेर पडताना टवके उडत नाहीत. बोथट ड्रिल राळ जाळतं, मापाडींचे थेंब तिथूनच येतात. व्हॅक्यूमचं तोंड भोकापासून २-३ सेंमीवर, ड्रिल थांबल्यावरही अर्धा मिनिट चालू. भोकाच्या आतला भुगा सुई-नळीने खेचा, तोंडाने फुंकू नका. कड ओली घासा, २२० चा वॉटरपेपर, पाण्याची वाटी दुसरी घ्या, गाळ ओला असतानाच पिशवीत.

तिरकस
म्हणजे शेवटी मास्क लावायचाच ना?

खटका
सगळ्यात आधी लावायचा. शेवटी काढायचा, हातमोजे आणि एप्रन उतरवून झाल्यावर. एप्रन उतरवताना मानेपाशी जो झटका बसतो, त्यातही धूळ उडते.

शंकासूर
फडकी आणि पिशव्या शेवटी कुठे? भट्टीत?

धुराडं
ओल्याच दोन पिशव्यांत, बाहेर "कार्बन नॅनोट्यूब, इपॉक्सी धूळ" असं लिहून, घातक कचरा म्हणून ८५० अंशांच्या भट्टीला. नुसतं "प्लॅस्टिक कचरा" लिहिलं तर ती पिशवी चुरा यंत्रात जाईल, आणि तिथे सायक्लोन आहे.